तिचे उपास मी धरले

२४ एप्रिल १९८१, शुक्रवार. हिंगणघाट.
परवा सुलूच्या आईची तेरवी झाली. आज सकाळच्या एस.टी.ने लेक सुलोचना आणि जवाईबापू वर्ध्याला परत गेले. घरात आता मी एकटा.
काल जवाईबापूंनी चार लोकांसमोर विषय काढला. म्हणाले, बाबा, आमच्याकडे राहायला चला. मी स्पष्ट नाही म्हणालो. लेकीच्या घरी आपण पाणीसुद्धा जपून पितो. तिथे कायमचं ताट मांडून कसं बसायचं? सुलोचना रडायला लागली. म्हणाली, "तुमाले चहाबी करता येत नाई, बाबा." हे खरं नाही. चहा मला येतो.
शेवटी ठरलं ते असं. दिवाळीपर्यंत मी एकट्याने राहून दाखवायचं. तब्येत नीट दिसली तर विषय कायमचा बंद. नाही दिसली तर घराला कुलूप आणि मी वर्ध्याला.
तहसील कचेरीत चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. एका माणसाचं पोट सांभाळणं त्यापुढे काहीच नाही. टाइमटेबल तयार करून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. सात वाजता चहा. अकराला वरण, भात, पोळी, भाजी. चारला चहा व फळ. आठला हलकं जेवण.
ही डायरी कचेरीतल्या एकाने जानेवारीत दिली होती. कोरीच होती. आता रोज लिहायची.

२६ एप्रिल, रविवार.
वरण केलं. फळीवरच्या तीन डब्यांत पांढरं काहीतरी आहे. एकात साखर, एकात मीठ. तिसऱ्यात पापडखार आहे हे वरण झाल्यावर कळलं. कुणी बघायच्या आत पातेलं मागच्या अंगणात उलटं केलं. दहाव्याला नदीवर कावळ्याने लगेच घास घेतला होता. माझ्या वरणाकडे कावळा दोन पावलं आला आणि परत गेला.
उद्यापासून नीट.

४ मे, सोमवार.
शेजारच्या कौशल्याबाई रोज अकरा वाजता भाजीची वाटी आणि दोन पोळ्या पाठवतात. त्यांचे यजमान बंडूजी स्वतः आणून देतात. भाजी चांगली असते. प्रश्न वाट्यांचा आहे. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत जात नाही. सुलूची आई तिच्यात काही ना काही घाली. जवसाची चटणी, लोणच्याची फोड, काही नसलं तर चिमूटभर साखर. मी काय घालू? सात वाट्या जमल्या. फळीवर पालथ्या घालून ठेवल्या आहेत. आत गेलं की नजर तिकडेच जाते.

७ मे, गुरुवार.
वाट्यांचा निकाल लावला. प्रत्येकीत दोन टोस्ट घालून परत दिल्या. संध्याकाळी कौशल्याबाई भिंतीपलीकडून ओरडून म्हणाल्या, "काय जी भाऊजी, माह्या वाट्यात टोस्ट घालून धाडले! मले वाटलं, तुमी दुकानच टाकलं." नळावरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. मग आत येऊन दार लावून घेतलं.
त्या चेष्टेने म्हणाल्या. वाईट मनात नव्हतं. तरी कान तासभर गरम होते.

११ मे, सोमवार.
बंडूजी वाटी घेऊन दारात उभे राहिले. माझ्या तोंडून निघून गेलं, "आज माझा उपास आहे." असं काही म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. ते म्हणाले, "कधीपासून जी, सदाशिवराव?" मी म्हणालो, सुलूच्या आईचे सोमवार होते, ते मी धरले. बंडूजींनी वाटी तशीच परत नेली. पाच मिनिटांनी भिंतीवर कौशल्याबाईंचं डोकं दिसलं. पदराने डोळे पुसत होत्या. "बायकोचे उपास कोन धरते माय! असा मानूस मी पाह्यला नाई."
खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. आजपासून धरले, एवढंच.
वाटी आली नाही की परत करावी लागत नाही. हे आधीच सुचायला हवं होतं.

२८ मे, गुरुवार.
तिच्या उपासांची यादी केली. सोमवार, गुरुवार, शनिवार. दोन एकादशी, दोन चतुर्थी. सगळे धरले. महिन्यातल्या सोळा-सतरा दिवसांचा स्वयंपाकाचा प्रश्न मिटला. उरलेल्या दिवशी टाइमटेबलप्रमाणे जेवायचं. वाटी मात्र कोणत्याही दिवशी नको, मी स्वतः शिजवून घेतो, असं कौशल्याबाईंना कळवलं.
उपासाला ती काय खात होती ते आठवून पाहिलं. काही आठवेना. मी बाहेरच्या खोलीत जेवत असे. ताट यायचं, ताट जायचं. म्हणजे काही खात नसावी. उपास म्हणजे उपास. मी सकाळी चहा, दुपारी एक केळं आणि संध्याकाळी चहा-टोस्ट असं ठेवलं आहे.
शरीर हलकं वाटतं.

१९ जून, शुक्रवार.
उपास नाही. टाइमटेबलप्रमाणे खिचडी करायची होती. स्टोव्हची पिन सापडली नाही. एका माणसासाठी स्टोव्ह पेटवणं हा रॉकेलचा अपव्यय आहे. लोक रॉकेलसाठी रांगेत उभे राहतात. टोस्ट खाल्ले.
पिन चहाच्या वेळी सापडली.

८ जुलै, बुधवार.
सुलोचनाचं पत्र. रोज काय जेवता ते सविस्तर लिहा, असं लिहिलं आहे. कळवलं: सकाळी वरण-भात, भरलं वांगं, पोळी, काकडी. संध्याकाळी मुगाची खिचडी व ताक. लिहिताना तोंडाला पाणी सुटलं.
हे खोटं नाही. हे नियोजन आहे. आधी कळवलं, आता करायचं.

३ ऑगस्ट, सोमवार.
श्रावणातला पहिला सोमवार. यंदा सोळा सोमवार करायचे असं सुलूची आई संक्रांतीपासून म्हणत होती. एप्रिलमध्ये चार दिवस ताप आला आणि ती गेली. तिचं राहिलेलं मी पूर्ण करतो असं महादेवाच्या देवळात जाहीर केलं. तिथल्या पुजारी महाराजांनी विचारलं, "बाईंचा संकल्प काय होता?" मला माहीत नव्हतं. शेवटी महाराजच म्हणाले, देवाले माहीत असन, तेवढं पुरे.
एकेचाळीस वर्षांत तिने बोलताना सांगितलं असेल. मी पेपर वाचत असेन.

२६ ऑगस्ट, बुधवार.
गल्लीतला मान वाढला आहे. नळावर माझी बादली पुढे सरकवतात. एका सुनेने वाकून नमस्कार केला. कौशल्याबाई बंडूजींना माझ्यादेखत म्हणाल्या, "पाहा जरा. तुमी त मी मेल्यावर पहिल्याच दिवशी हाटेलात जासान." बंडूजी म्हणाले, "तू मर त खरी, मंग पाहू." दोघं हसत होते. मी खाली बघितलं.
आता एखाद्या सोमवारी पोटभर जेवावंसं वाटलं तरी शक्य नाही. लोक बघतात.

१२ सप्टेंबर, शनिवार.
किरकोळ तक्रारी. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. ब्रश कडक असणार, बदलला. नवीनही कडक निघाला. जीभ पोळल्यासारखी होते. चहा गरम पितो, त्यामुळे. दिवेलागणीला नीट दिसत नाही. व्होल्टेज कमी आहे. बंडूजींना विचारलं, त्यांच्याकडे बरं आहे म्हणाले. माझ्याच खांबावरून कमी येत असेल. विद्युत मंडळाला अर्ज लिहिला.
पँटच्या पट्ट्याला दोन भोकं पाडली. या वयात पोट सुटणं वाईट. माझं आत गेलं.

६ ऑक्टोबर, मंगळवार.
मागच्या पत्रात सुलोचनाने विचारलं होतं, बाबा, तुम्ही भरलं वांगं करता तरी कसं? मी सविस्तर उत्तर दिलं होतं. वांगी आधी उकळून घ्यायची, थंड झाली की सोलायची, मग आत मसाला भरायचा. आज तिचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. "बाबा, वांग्याचं समजलं. मी दिवाळीला येते."
पद्धत आवडलेली दिसते.

८ ऑक्टोबर, गुरुवार.
दोन दिवस विचार केला. दिवाळीला येणं ठीक नाही. पत्र टाकलं: घरात यंदा दुःख आहे, दिवाळी करायची नाही. त्यापेक्षा २३ नोव्हेंबरला सोळा सोमवारांचं उद्यापन आहे, त्याला दोघं या. गल्ली जेवणार आहे. जो माणूस एकट्याने एवढा मोठा कार्यक्रम घडवून आणतो त्याच्या तब्येतीची वेगळी चौकशी कशाला? हे शेवटचं वाक्य पत्रात लिहिलं नाही. ते त्यांचं त्यांना कळेल.
मधल्या सहा आठवड्यांत टाइमटेबल काटेकोर पाळायचं. रोज एक लिंबू, एक पालेभाजी, दूध.

१३ ऑक्टोबर, मंगळवार.
पालकाची जुडी आणली. निवडायची कशी याबद्दल शंका आली. विचारणार कुणाला? मी स्वतः शिजवतो असं कौशल्याबाईंना वाटतं. जुडी पाण्यात ठेवली आहे.

१७ ऑक्टोबर, शनिवार.
जुडी गेली. नाहीतरी आज उपास.

१६ नोव्हेंबर, सोमवार.
सोळावा सोमवार पूर्ण झाला. देवळाच्या अकरा पायऱ्यांत तीनदा बसावं लागलं. देवाच्या पायरीवर बसायचंच असतं. पायांना मुंग्या येतात आणि घोट्यांवर सूज आहे. चप्पल घट्ट झाली. म्हणजे वजन भरत असावं.
पुढच्या सोमवारी उद्यापन झालं की सगळं सुरळीत. सुलोचना एकदा बघून गेली की हळूहळू जेवायला लागू. मग तिला मला हे घर सोडायला लावता येणार नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार.
सकाळी आरशात बघितलं. गळ्याची हाडं वर आली आहेत. चेहऱ्याला काही करता येत नाही, अंगाला येतं. आत दोन बनियन. त्यावर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. त्यावर सदरा. त्यावर पूर्ण स्वेटर आणि वर लग्नातला कोट. कोट पूर्वी तंग होता, आता आत सगळं बसतं. चालून पाहिलं. भारदस्त वाटतो.
थंडी पडली आहे, संशय येणार नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार. दवाखाना.
लिहू नये असं वाटतं. डायरी बंडूजींकडून गुपचूप मागवली, म्हणून लिहितो.
काल देवळाच्या मंडपात सव्वाशे माणसं होती. सुलोचना आणि जवाईबापू दहाला आले. मी लांबूनच हात हलवला. तिने आधी कोटाकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. स्वयंपाक बायकांनी केला. प्रसादाच्या चूर्म्याची परात कौशल्याबाईंनी समोर ठेवली. साजूक तुपाचा वास आला. महाराज सर्वांना सांगत होते की बायकोने नवऱ्यासाठी व्रतं केल्याचं पुष्कळ ऐकलं, पण हे उदाहरण वेगळं. लोक माझ्याकडे वळून बघत होते. मी नारळ घेऊन उठलो. एवढंच आठवतं.
पुढचं बंडूजींनी सांगितलं. मी परातीत पडलो. चूर्म्यात, तोंडावर. जवाईबापू ओरडले, हवा येऊ द्या, कपडे सैल करा. मग चार जणांनी कोट काढला. स्वेटर काढला. सदरा काढला. दुसरा स्वेटर निघाला. बनियन निघालं, खाली आणखी एक बनियन. बंडूजी म्हणे तिथेच बोलून गेले, "अरे बापा, हा त कांद्यासारका निंगाला! सालंच सालं, आंत काईच नाई." कुणीतरी हसलं. मग शेवटचं बनियन वर झालं आणि बरगड्या दिसल्या. मग कुणी हसलं नाही.
सुलोचनाने आपल्या पदराने माझ्या तोंडावरचा चूर्मा पुसला म्हणे. सव्वाशे लोकांसमोर.

२५ नोव्हेंबर, बुधवार. दवाखाना.
डॉक्टर तरुण आहेत. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, हिरड्या दाबल्या, पायाच्या सुजेवर बोट रोवलं. खळगा बराच वेळ राहिला. विचारलं, काय खाता? मी टाइमटेबल सांगायला सुरुवात केली. त्यांनी थांबवलं. "आजोबा, काय ठरवलं ते नाही विचारत. रविवारी दिवसभरात पोटात काय गेलं?" मी सांगितलं. तीन कप चहा, चार टोस्ट. शनिवारी? उपास. शुक्रवारी? टोस्ट.
ते म्हणाले, अंगात रक्त कमी आहे, हिरड्या फळ-भाजी नसल्याने सुटल्या आहेत, डोळ्यांचंही कारण तेच. पोट भरायला काही नाही अशा घरातल्या पोरांत आपण हे बघतो, आणि पोट भरायला सगळं असून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषांत. म्हाताऱ्या बायकांत? मी विचारलं. "त्या काहीतरी शिजवून घेतात," म्हणाले. मग पुढे म्हणाले, "त्यांचंही खरं विचारलं तर वेगळंच निघतं. पण त्या सांगत नाहीत."
विद्युत मंडळाला केलेला अर्ज मागे घ्यावा लागेल.

२८ नोव्हेंबर, शनिवार. घर.
सकाळी घरी आणलं. सुलोचना तीन दिवस इथेच राहून घर साफ करते आहे. एप्रिलमध्ये तिने भरून ठेवलेला तुरीच्या डाळीचा डबा तसाच काठोकाठ निघाला, वर किडे. कणीक कडू झालेली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. डबे एकेक करून अंगणात नेऊन ओतत होती आणि मी खाटेवरून बघत होतो.
कौशल्याबाई दारात येऊन बसल्या. "भाऊजी, वाटीसाठी एवढं? एक शबुद बोलले असते त मी भिंतीवरून पोळी फेकली असती तुमच्याकडं. रिकामी वाटी काय मले चावली असती?" त्या रागावल्या होत्या, आणि रडतही होत्या.
मी म्हणालो, सुलूच्या आईचे उपास होते, ते सोडवेनात. सुलोचना हातातला डबा घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने सांगितलं. "बाबा, आई उपासाच्या दिवशीच त पोटभर जेवे. भगर करे, दाण्याची आमटी करे, दही, रताळं, राजगिऱ्याचे लाडू. दोन वक्त बसून खाय. त्या दिवशी तिच्यासाठी वेगळं शिजे, म्हणून तिले उपास आवडे. बाकी दिवस तुमच्या नं आमच्या ताटातून उरलं ते. कधी उरे, कधी नाई उरे."
कौशल्याबाई म्हणाल्या, "मंग नाई त काय. उपास बाईच्या जेवणाचा दिवस असते."
मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. सुलोचना म्हणाली, "तुमी बाहेर जेवत होते, बाबा." तिने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.
एकेचाळीस वर्षं मी एका भिंतीच्या अलीकडे जेवलो. तिच्या नावाने जे केलं, तसं ती एक दिवसही करत नव्हती.
हिशेबाने मी हरलो. वर्ध्याला जायचं.

१ डिसेंबर, मंगळवार.
घराला कुलूप लावलं. जवाईबापूंनी स्वतः ट्रंक उचलली. गल्लीतले लोक पोहोचवायला आले होते. कुणी पाया पडलं नाही. बंडूजी म्हणाले, "लवकर या जी, सदाशिवराव. पाहू मंग कांद्यात काई भरते का." मला त्यांचे आभार मानायचे होते. एस.टी. सुटली.
चार-सहा महिन्यांत तब्येत झाली की परत यायचं. सुलोचनाला अजून सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, सोमवार. वर्धा.
लेकीच्या घरी दोन आठवडे झाले. सकाळी दूध, दुपारी पालेभाजी, वरण, लिंबाची फोड, रात्री पुन्हा गरम. हिरड्यांतलं रक्त थांबलं. पायऱ्या न बसता चढतो. जवाईबापू फार अदबीने वागतात. त्याची जास्त लाज वाटते.
माझं ताट बाहेरच्या खोलीत येतं. रिकामं झालं की जातं. काल हे लक्षात आलं. सुलोचना केव्हा जेवते, काय जेवते, मला माहीत नाही.
आज ठरवलं: आपलं जेवण झालं की स्वयंपाकघरात जाऊन बसायचं आणि ती काय खाते ते डोळ्यांनी बघायचं. एवढंच. दुसरा कोणताही संकल्प नाही, टाइमटेबल नाही.
साडेबाराला आत गेलो. ती गोंधळली. "काई पाह्यजे का, बाबा?" काही नको म्हणालो. तू जेव, मी बसतो. "मंग बाहेर बसा ना. मले कसंतरीच वाटते." मी हललो नाही. पाट ओढून भिंतीला टेकून बसलो. ती हसली. म्हणाली, "बसा मंग. एवढी दोन भांडी होऊ द्या, मंग घेतो मी."
खिडकीतून ऊन येत होतं. पोट भरलेलं होतं.
जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. सगळी भांडी घासून पालथी घातली होती. चूल सारवून झाली होती. सुलोचना अंगणात कपडे वाळत घालत होती.
दारात उभा राहून विचारलं, काय खाल्लंस?
"खाल्लं ना बाबा, काईतरी. तुमाले चहा ठेवू का?"
मी हो म्हणालो.